आज किती मशीन?

सिंधूच्या दहाव्याला तापीच्या काठावर माझ्या मागे दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "हिरामण सोन्यासारखा पोरगा होता गं. हिच्या पायगुणानं वाया गेला."

मी मागे वळून म्हणालो, "तसं नाही. तो लग्नाआधीपासून आजारी होता. मला माहीत होतं."

मग पहिलीनं दुसरीला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "मास्तर आता थकले."

त्या दिवसापासून मला चैन नाही. दोन वेळा लिहायला बसलो, दोन्ही वेळा कागद फाडला, कारण प्रत्येक वेळी सुरुवात माझ्यापासून होत होती. मला सिंधूबद्दल लिहायचं आहे. माझं जे आहे ते ओघात येईलच, आणि ते न लपवता लिहायचं, एवढं मात्र मी ठरवलं आहे.

सिंधू माझ्या चुलतभावाची, हिरामणची बायको. हिरामण माझ्याहून बारा वर्षांनी लहान. गावाकडून त्याला सुरतेला मीच आणलं. उधन्याच्या एका खात्यात मी मास्तर होतो. खातं म्हणजे आमच्याकडे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना, आणि मास्तर म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारा आणि कारीगरांवर लक्ष ठेवणारा माणूस. हिरामणला चार मशीन दिली होती. हात चांगला होता त्याचा.

सिंधू तीस वर्षांत माझ्याशी एकदाही थेट बोलली नाही. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. आता नव्या पोरी हे पाळत नाहीत, पण तिनं शेवटपर्यंत पाळलं. डोक्यावर पदर घ्यायची आणि जवळ जे असेल त्याच्याशी बोलायची. लेक असली तर लेकीशी, नसली तर भिंतीशी, पातेल्याशी, मांडीवरच्या साडीशी. "भाऊंना म्हणावं, चहा ठेवलाय." "भाऊंना म्हणावं, बसा, पंखा तिकडं लागतो." घरात ती अहिराणीच बोलायची, इथे मी जमेल तसं साध्या मराठीत लिहितो आहे. तिच्या त्या 'म्हणावं'मध्ये आदर किती आणि राग किती, हे मला कधी कळलं नाही. कळून घ्यायची भीती वाटायची, असंही असेल.

उंच होती, अंगानं वाळकी. घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचं काम करायची. डाव्या अंगठ्यावर गोंदाची खपली कायम. विचार करायला लागली की ती खपली सोलत बसायची. भुवईत, केसांत, भाकरीच्या पिठात कुठेतरी एखादा खडा चमकत असायचाच. हिरामणच्या गोळ्यांच्या पाकिटावरसुद्धा चमकी लागलेली असायची.

आणि 'वेडा' हा शब्द तिनं घरात येऊ दिला नाही. कुणी म्हणालं, "तुझा वेडा कसा आहे?" की ती दारातून डावीकडे उजवीकडे बघायची आणि विचारायची, "कोण? कुठं गेला?" समोरच्याला ओशाळं होऊन विषय बदलावा लागायचा. तिचा स्वतःचा शब्द वेगळा होता. ती म्हणायची, "त्यानं खातं चालू शे." त्याचं खातं चालू आहे.

हे खातं काय ते सांगायला मला मागे जावं लागेल, आणि तिथेच माझी चूक आहे.

खात्यात आवाज इतका असतो की हातभर अंतरावरचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून सगळे हातानं बोलतात. दोन बोटं एकमेकांवर पिळली म्हणजे धागा तुटलाय. पंजा खाली दाबला म्हणजे मशीन बंद कर. पाच बोटं तोंडाकडे नेली म्हणजे जेवायला चल. पोटावरून गोल हात फिरवला म्हणजे शेठ आला. बारा तासांची पाळी करून बाहेर पडलं तरी कानात लूम वाजतच राहते. सुट्टीत गावी गेलं तर पहिले दोन दिवस झोप येत नाही, कारण बाहेर शांत आणि कानात खटखट. प्रत्येक कारीगराला हे होतं. मलाही अजून होतं.

म्हणून हिरामण लग्नाच्या पाच-सहा महिने आधी मला म्हणाला, "दादा, मशीन बंद केलं तरी आतून बोलतात," तेव्हा मी हसलो. "सगळ्यांच्याच कानात वाजतं रे. मास्तर झालास की सवय होईल."

"वाजत नाही दादा. बोलतात. नाव घेऊन."

"मग तूही बोल त्यांच्याशी. विचार, कापडाचा ताका किती निघाला आज."

आजूबाजूचे कारीगर हसले. तोही हसला. इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकतो. लूमवर आयुष्य घालवलेल्या कुणालाही तसंच वाटलं असतं. पण हे इथेच थांबलं नाही.

लग्न ठरल्यावर, हळदीला महिना राहिला असताना, त्यानं भर पाळीत एका मशीनवरचा उभ्या धाग्यांचा अख्खा बीम कापून टाकला. हजारो धागे लोंबत होते आणि हा शांतपणे उभा. म्हणाला, "हे आईला शिव्या देत होतं." मी शेठला सांगितलं की मशीनच बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशी हिरामणला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं त्याच्याशी बराच वेळ बोलून चिठ्ठी लिहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा मनाचा आजार आहे. मोठ्या दवाखान्यात मानसिक विभागात दाखवा, आणि लवकर दाखवा." मी विचारलं, "कानाचा नाही?" ते म्हणाले, "नाही."

ती चिठ्ठी मी काकूला, म्हणजे हिरामणच्या आईला, वाचून दाखवली. काकू म्हणाली, "पत्रिका वाटून झाल्या. लग्न झालं की ठिकाणावर येईल. तू तोंड उघडू नकोस." मी चिठ्ठी चुरगाळून गटारात टाकली. मध्यस्थ मी होतो. सिंधूच्या वडिलांना मीच सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे, चार मशीन चालवतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि हिरामणनं तिच्या हातचं खाणं बंद केलं. भाकरीत काहीतरी घातलंय म्हणायचा. दार लावून घ्यायचा, भिंतीला कान लावून बसायचा. काकूनं गावाकडे निरोप धाडला की तुमच्या पोरीच्या पायगुणानं माझा मुलगा बिघडला, येऊन बघा. सिंधूचे वडील आले, सोबत तिचा थोरला भाऊ पंडित. सुरतेतल्या लिंबायतला, हिरामणच्या खोलीत भाऊबंद जमले. दहा-बारा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली.

वडील बोलले ते कुणाला दोष न देता. मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही रोज बारा तास त्याच्याबरोबर असता. तुम्ही खोटं बोलणार नाही. लग्नाआधी काही होतं का?"

सिंधू आतल्या दारात चहाचं ताट घेऊन उभी होती. काकू माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "नाही. काही नव्हतं. चांगली चार मशीन चालवत होता."

त्यानंतर त्या म्हाताऱ्या माणसानं जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानं पागोटं काढलं आणि काकूच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाला, "माझ्या लेकीमुळे तुमच्या घराला त्रास झाला. पदरात घ्या." पंडित तेव्हा विशीतला. त्यानं बापाला दंडाला धरून उठवलं. वडिलांनी विचारलं, "घेऊन जाऊ का हिला?" काकू म्हणाली, "न्या की. पण का नेली ते गावात सांगा."

सिंधू आतून म्हणाली, "बाबांना म्हणावं, मी येत नाही."

बापाशीही ती त्या दिवशी थेट बोलली नाही. मग चहा दिला. सगळ्यांच्या हातात कप दिले, माझा जमिनीवर ठेवला. जेठाच्या हातात द्यायचा नसतोच, तेव्हा त्यात काही वेगळं नव्हतं. पण मला तो कप उचलवला नाही.

ती का राहिली? लोकांनी पुढे तिला देवी केलं, तेही पायगुणाबरोबरच, एकाच तोंडानं. तिला दोन्ही आवडलं नसतं. तिनं एकदा भिंतीला सांगितलं होतं, "भाऊंना म्हणावं, मी पुण्यासाठी राहिले नाही. लग्नानंतर पहिले बारा दिवस तो माझ्याशी फार चांगला वागला. तसं कुणी वागलं नव्हतं." त्या बारा दिवसांत एका खोलीत सासू आणि नवं जोडपं. बोलायची चोरी. म्हणून हिरामणनं तिला खात्यातल्या खुणा शिकवल्या. सासूच्या पाठीमागे दोघं हातानं बोलायची. काकू आली की तो पोटावरून गोल हात फिरवायचा. शेठ आला. ती पदर तोंडात कोंबून हसायची.

त्या खुणा तिनं पुढे अशा वापरल्या की माझ्यासारख्या जुन्या मास्तरानं बघत राहावं. त्याच्या डोक्यातले आवाज वाढले की तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचायचं नाही. दुसरी बाई असती तर ओरडली असती. सुरुवातीला तीही ओरडली. एकदा तर त्याच्या थोबाडीत मारली आणि मग स्वतःच रडत बसली. पुढे तिच्या लक्षात आलं की ह्याच्या आत खातंच चालू आहे, आणि खात्यात ओरडून काय होतं? ती समोर बसायची, त्याची नजर पकडायची आणि हातानं विचारायची, किती मशीन? तो बोटं दाखवायचा. चार. सहा. कधी दोन्ही हातांची बोटं उघडून पुन्हा उघडायचा. तीन-चारपर्यंत असलं तर दिवस नेहमीचा. दहाच्या वर गेलं की ती कामावरच्या साड्या घडी करून ठेवायची आणि त्याला दवाखान्यात न्यायची.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "काय त्रास होतो?" ही म्हणाली, "आज चौदा चालू आहेत." डॉक्टर गुजराती, त्यांना काही कळेना. अर्धा तास लागला समजवायला. पण माणूस चांगला होता. पुढच्या खेपेपासून ती दारात दिसली की तेच विचारायचे, "आजे केटला मशीन, बेन?" आणि तिचं उत्तर कागदावर लिहून घ्यायचे.

मुलगी झाली, मनीषा. ती बोलायच्या आधी खुणा करायला शिकली. पुढे सुरतेतच कोसाडला घर मिळालं, तिथल्या शेजाऱ्यांना बरेच दिवस वाटायचं की हे मुक्यांचं कुटुंब आहे. भाजीवाला सिंधूला मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगायचा, "बेन! आ! ताजी! मेथी!" तिनं महिनाभर त्याला तसंच समजू दिलं आणि रोज कोथिंबिरीची जास्तीची जुडी घेतली. मग एके दिवशी म्हणाली, "भाई, मेथी कालची आहे." तो टोपली सोडून दोन पावलं मागे गेला. ही गोष्ट मनीषानं मला सांगितली तेव्हा सिंधू साडीवर वाकून हसत होती. भुवईत खडा चमकत होता.

पण सगळं असं गोड नव्हतं. गोळ्यांनी हिरामणचे हात थरथरायचे, दिवसभर झोपायचा. भाऊबंद म्हणायचे, ह्या झोपेच्या गोळ्या आहेत. मीही म्हणालो होतो, "गोळ्यांनी माणूस लाकूड होतो." तिनं माझं ऐकलं. का ऐकलं? मी मोठा, मास्तर. पंधरा दिवस गोळ्या बंद केल्या आणि हिरामण घरातून निघून गेला.

तीन दिवस शोधलं. शेवटी सुरतेबाहेरच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतून ओळखीच्या एका मास्तरचा फोन आला. मी सिंधूला घेऊन गेलो. तिथे हिरामण मशीनवर होता. न विचारता आत शिरला होता, एका न आलेल्या कारीगराची जागा घेतली होती आणि तीन दिवस खात्यातच राहत होता. तिथला शेठ माझ्यावरच चिडला, एकटा आठ मशीन चालवणाऱ्याला नेता कुठे म्हणून. "आने क्यां लई जाओ छो? एकलो आठ मशीन चलावे छे!" मी हिरामणला बाहेर ओढलं. तो म्हणाला, "दादा, इथं बरं आहे. इथं खरा आवाज आहे. दुसरं ऐकू येत नाही." आणि हात सोडवून परत आत गेला.

सिंधू दारात उभी राहून बराच वेळ तो आवाज ऐकत होती. तिनं इतकी वर्षं खातं म्हटलं, पण आत पाऊल पहिल्यांदाच टाकलं होतं. मग ती दोन रांगांमधून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पाच बोटं तोंडाकडे नेली. जेवायला चल. त्यानं एकेक करून आठही मशीन बंद केली, कापडावरून हात फिरवला आणि तिच्या मागून बाहेर आला.

परत येताना रिक्षात ती समोरच्या दांडीला म्हणाली, "भाऊंना म्हणावं, मलाही कधी कधी वाटतं, वीज जावी. एकदाची सगळ्यांचीच." तो झोपला होता. गोळ्या थांबवायला मीच सांगितलं होतं, हे ती बोलली नाही.

काकू वारली. सिंधूचे वडील त्याआधीच गेले होते, आपल्या लेकीनं एक घर बुडवलं असं समजून. मग मनीषाचं लग्न ठरायला आलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. आमच्यातले लोक मुलाकडच्यांना सांगत होते, "रक्तात काही नाही हो, आईचा पायगुण तसा होता." माझं खोटं आता पोरीच्या उपयोगाला आलं होतं. गप्प बसायला याहून चांगलं कारण मला मिळालं नसतं. तरी एका सकाळी मी कोसाडला गेलो. हिरामण खिडकीशी रेडिओ लावून बसला होता. सचिनच्या त्या प्रकारानंतर तिनं घरात रेडिओ आणला होता. सिंधू खडे चिकटवत होती. मी उंबऱ्याजवळ बसून सगळं सांगितलं. बीम, चिठ्ठी, गटार, सगळं.

तिचा हात थांबला नाही. खड्यांची एक ओळ पुरी करून साडीला म्हणाली, "भाऊंना म्हणावं, मला बाराव्या दिवशीच कळलं. त्यानंच सांगितलं. दादाला माहीत आहे, म्हणाला."

म्हणजे त्या बैठकीत चहाचं ताट घेऊन उभी होती तेव्हा तिला माहीत होतं. मी 'नाही' म्हणालो ते तिनं माहीत असून ऐकलं होतं.

"मग तेव्हा तू..." मी म्हणालो.

"म्हणावं, मी बोलले असते तर कुणी ऐकलं असतं? मास्तरांसमोर?" तिनं अंगठ्यावरची खपली सोलली. "माझ्या बापाला सांगायचं होतं. तो गेला. आता मला सांगून काय करू? जिथं बोलले तिथं बोला म्हणावं. पंडित येणार आहे साखरपुड्याला."

"मनीषाच्या लग्नात अडचण येईल."

तेव्हा ती हसली. "एकदा लपवून लावलं, आता दुसऱ्यांदा लपवायचं का म्हणावं. मुलाच्या आईला मी घरी बोलावलं होतं. ह्याच्या गोळ्या दाखवल्या, कागद दाखवले. ह्यालाच विचारायला लावलं तिला, आज किती मशीन? ह्यानं तीन बोटं दाखवली. ती बाई दोन तास बसली, मग चहा प्यायली. येणार असतील तर येतील."

ते आले. साखरपुडा कोसाडच्याच इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, सकाळी होता. टिळा लावायच्या आधी वडीलधारी माणसं बसली होती. मी उठलो. मी म्हणालो, हिरामणचा आजार लग्नाच्या आधीचा आहे, मला डॉक्टरनं सांगितलं होतं, मी ते लपवलं आणि नंतर सिंधूच्या वडिलांसमोर खोटं बोललो. सिंधूचा काही दोष नाही. एवढंच. दोन वाक्यं अजून ठरवली होती, ती आठवली नाहीत.

एकानं खाकरून "आता जुनं कशाला" असं म्हटलं. मुलाच्या आईनं टिळ्याचं ताट पुढे घेतलं. पण पंडित उभा राहिला. त्याचेही केस पांढरे झालेले. म्हणाला, "मास्तर, माझा बाप तुमच्या काकूच्या पाया पडला होता. मी उठवलं त्याला." आणि मांडवातून बाहेर निघून गेला.

मग डीजे सुरू झाला. मी रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला उभा होतो. त्या दणदणाटात हिरामण नव्या शर्टात निवांत बसला होता. खरा आवाज. बायका नाचत होत्या, पंगतीची पानं मांडली जात होती. आणि त्या गर्दीपलीकडून सिंधू माझ्याकडे बघत होती. डोक्यावर पदर होता, पण नजर सरळ माझ्यावर होती. तीस वर्षांत पहिल्यांदा मला तिचे डोळे दिसले. घारे होते. मला माहीतच नव्हतं.

तिनं हात वर केला. आधी फाटकाकडे बोट केलं. तिथे पंडित मोटरसायकलवर पाठ करून बसला होता, चावी लावलेली. मग तिनं पाच बोटं तोंडाकडे नेली आणि तोच पंजा दोन्ही बाजूंना हलवला. तो जेवलेला नाही. मग बोट माझ्याकडे, आणि पुन्हा फाटकाकडे. खात्यात मास्तर कारीगराला पाठवतो, तसं.

मध्ये लेक नव्हती, भिंत नव्हती, 'म्हणावं' नव्हतं.

अकरा महिन्यांनी ती गेली तेव्हा मी गावी होतो, पोहोचलो ते थेट दहाव्याला. त्यामुळे ती माझ्या डोळ्यांसमोर राहिली ती त्या साखरपुड्यातलीच. मी मान हलवली आणि फाटकाकडे निघालो. तिथे पोहोचून मागे बघितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. हिरामणसमोर उकिडवी बसून त्याला हातानं काहीतरी विचारत होती, आणि तिच्या शेजारी भावासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलेलं होतं.